जोडापाशी

४ मार्च

वहिनी,

नमस्कार-चमत्कार राहू द्या. हात जोडावेत अशी माझी मनःस्थिती नाही, आणि उगाच लिहायचं म्हणून लिहायची सवय मला नाही.

गेल्या महिन्याच्या तेवीस तारखेला आमच्या तीन नंबरच्या भट्टीतली नळी फुटली. दादाला फोनवर एवढंच सांगितलं होतं की अपघात झाला, मी ठीक आहे. मी ठीक आहेच. आमचा फिटर ठीक नाही. तुम्ही त्याला पाहिलंय. आमच्या घराच्या दारांना बिजागऱ्या बसवून देणारा, गळ्यात दोरीला चुंबक बांधून हिंडणारा. सगळा कारखाना त्याला चुंबकच म्हणतो, पगाराच्या खिडकीवरचा माणूससुद्धा.

भट्टी साफ करून आम्ही पुन्हा तापवत होतो. नळ्या लाल झाल्या की भिंतीतल्या छोट्या खिडकीतून आत डोकावून तो एकेक नळी बघतो, रांगेने, शाळेच्या मास्तरासारखा. तो बघत असतानाच आत नळी उघडली. नळीतला वायू बाहेर आला, पेटला, आणि जाळाला बाहेर पडायला वाट एकच होती, ती खिडकी. चेहऱ्याची उजवी बाजू भाजली, उजवा हात कोपरापर्यंत होरपळला. डोळा वाचेल म्हणतात. बोटांबद्दल विचारलं की डॉक्टर कागद चाळायला लागतात.

आता तुम्हाला का लिहितोय ते. काल चौकशी समितीने मला बोलावलं. त्या दिवशी भट्टी तापवायचं काम माझ्याकडे होतं. त्यांचं म्हणणं, मी नियमापेक्षा भराभर तापवली म्हणून नळी तडकली. मी म्हणालो, नळी आतून कार्बनने खाल्लेली होती, हात लावला असता तरी फुटली असती. तेव्हा बड्या इंजिनियरने एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात लिहिलेलं, की या नळ्यांना आतून जो संरक्षक थर दिलाय त्यातून कार्बन धातूत शिरत नाही, दोन हजार तास तापवून तपासलंय. म्हणजे नळी निर्दोष. उरला कोण? मी.

खाली सही तुमची होती. ज्या वळणदार अक्षरात तुम्ही माझ्या लग्नाच्या पाकिटांवर पत्ते लिहिलेत, त्याच अक्षरात.

बारा एप्रिलला शेवटची सुनावणी आहे. तोवर मला कामावरून थांबवलंय. फोन केला असता, पण कागदाने केलेला घोळ कागदावरच निस्तरायचा असं मी ठरवलंय. तुम्ही काय तपासलंत आणि कशावर सही केलीत, ते मला लिहून कळवा.

तुमचा धाकटा दीर


९ मार्च

भावोजी,

तुम्ही नमस्कार गाळलात, मी आशीर्वाद गाळत नाही. फिटरकाकांचं वाचलं. माझ्या धाकट्या जावेला सांगा, त्यांच्या घरी जाऊन येत जा.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. तुम्ही रागात आहात म्हणून सावकाश लिहिते.

साखर पाण्यात विरघळते तसा कार्बन तापलेल्या पोलादात विरघळतो. तुमच्या नळ्यांतून तेलाची वाफ जाते, तिची काजळी आतल्या भिंतीवर बसते, आणि हजार अंशांच्या वर ती काजळी धातूत झिरपायला लागते. आत गेली की धातूतलं क्रोमियम ती धरून ठेवते आणि त्याचे कडक दाणे बनतात. नळी बाहेरून तशीच दिसते, आतून मात्र काचेसारखी होते. तापलेली असेपर्यंत निभावते, थंड झाली की तडकते, आणि पुन्हा तापवली की तो तडा उघडतो. म्हणून आतून ॲल्युमिनियमचा थर देतात. तापल्यावर त्यावर एक घट्ट साल धरते. कार्बनला त्या सालीतून वाट मिळत नाही.

मी हेच तपासलं. थर दिलेले आठ तुकडे, एक हजार पन्नास अंश, दोन हजार तास. कापून, घासून, भिंगाखाली बघितले. कार्बन आत गेलेला नव्हता. जे दिसलं ते लिहिलं, आणि आजही त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या सहीचा दर्जा तुम्हाला माहीत नसेल, पण प्रयोगशाळेत माहीत आहे.

रागावणार नसाल तर एक विचारते. त्या दिवशी ताशी किती अंशांनी तापवलंत? काजळी जाळताना हवा जास्त सोडली गेली का? त्यानेही आतली साल सोलवटते. मी दोष देत नाही, विचारते आहे. जे घडलं असेल ते समितीला सरळ सांगा. मोजणी नातं बघत नाही, भावोजी, आणि तिने बघूही नये.

तुमच्या दादांना मी तुमचं पत्र दाखवलेलं नाही.

वहिनी


१५ मार्च

वहिनीसाहेब,

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणी पाठ केली होती. ती माझ्यावरच बेतेल आणि दोर घरातून येईल, असं वाटलं नव्हतं.

सोबत त्या दिवशीच्या आलेखाची नक्कल जोडतो आहे. तुम्हाला आलेख वाचता येतो. ताशी पन्नास अंशांची मर्यादा आहे, मी बेचाळीसच्या वर एकदाही गेलो नाही. हवेचा आकडाही त्यात आहे. आता तुमची मोजणी नातं बघत नाही ना, मग बघा.

दुसरं. तुम्हाला भिंगाखाली जे दिसतं ते आम्हाला आठ आण्याच्या चुंबकाने कळतं. चांगल्या नळीला चुंबक चिकटत नाही. कार्बनने क्रोमियम पळवलं की उरलेला धातू चुंबकाला धरतो. दर वर्षी भट्टी थंड केली की आमचा चुंबक शिडीवर चढून नळीन् नळी तपासायचा. जिथे चिकटेल तिथे खडूने फुली. फुल्या पडलेल्या नळ्या बदलायच्या. अठरा वर्षं हे चालू होतं आणि अठरा वर्षांत एकही नळी फुटली नाही. दोन वर्षांपूर्वी थर दिलेल्या नळ्या आल्या, त्यांच्यामागून तुमचा अहवाल आला, आणि तपासणी बंद झाली. थरच आहे तर चुंबक कशाला.

काल दुपारी मी भंगाराच्या आवारात गेलो. पहारेकरी ओळखीचा, त्याने दुसरीकडे तोंड केलं. फुटलेल्या नळीचे तुकडे तिथे टाकलेत. मी त्यांच्यावरून चुंबक फिरवला. मधल्या भागात निसटून पडतो. टोकाकडे सरकवत गेलो तरी पडतो. आणि जिथे दोन नळ्या जोडल्यात, तिथे जोडाच्या दोन्ही अंगांना चार-चार बोटं असा चिकटला की दोन्ही हातांनी ओढावा लागला. तडा तिथेच गेलाय, त्या चार बोटांत. आतून बोट फिरवलं. तिथे थर नाही. वेल्डिंग नीट धरावं म्हणून आधी तो घासून काढतात, हे तर आमच्याकडच्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. घासलेल्या जागी पुन्हा थर द्यायला चार दिवस जास्त लागतात, म्हणून कुणी दिला नाही.

तर प्रश्न एकच. तुमच्या त्या आठ तुकड्यांत जोड असलेला तुकडा होता की नव्हता? हो की नाही, एवढंच लिहा. साखर आणि पाणी नको.

दीर


२१ मार्च

भावोजी,

नाही. जोड नव्हता.

प्रयोगशाळेकडे जे तुकडे येतात तेच तपासले जातात. कुठले पाठवायचे ते पाठवणारा ठरवतो. जोडाची तपासणी त्या कामाच्या कक्षेत नव्हती. हा बचाव नाही, पद्धत आहे.

आलेख पाहिला. तुमचं तापवणं निर्दोष आहे, तसं मी वेगळ्या कागदावर सही करून लिहिलंय, तो सोबत आहे, समितीला द्या. जोडाचा एक तुकडा मला पाठवलात तर मी स्वतः कापून बघेन.

‘वहिनीसाहेब’ मात्र पुन्हा लिहू नका. या घरात आले तेव्हा तुम्ही अकरावीत होतात आणि रसायनशास्त्राच्या वहीत राक्षसांची चित्रं काढत होतात. ती वही मी पुरी करून घेतली होती. मला टोमणे मारायला तुम्ही अजून लहान आहात.

वहिनी


२६ मार्च

वहिनी,

राक्षस काढायचो खरा. त्या वयात ते ओळखता यायचे.

कक्षा. पद्धत. हे शब्द घेऊन मी काल इस्पितळात गेलो. चुंबकाची तीन बोटं काढलीत. अंगठा आणि करंगळी राहिली. काकू, म्हणजे त्याची बायको, शेजारी बसून त्याला वाटीतून भरवत होत्या आणि तो चिडत होता, डाव्या हाताने खाता येतं म्हणून. मी त्याला जोडाचं सांगितलं. कुठे चिकटला, किती बोटं, सगळं. तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मी तपासलं असतं तर सापडलं असतं.”

हे तो विचारत नव्हता, सांगत होता.

तुमचा कागद समितीच्या चिटणीसाकडे दिला. त्याने तो माझ्यासमोर वाचला आणि म्हणाला, “या तुमच्या भावजय ना? मग ठीक आहे.” ठीक आहे म्हणजे कचऱ्यात. अहवालावरची तुमची सही तज्ज्ञाची, आणि या कागदावरची सही नातेवाइकाची. बघा, मोजणी नातं बघत नसेल, पण समिती बघते.

दादाचंही पत्र आलं, त्याला कुठून कळलं कोण जाणे. तुझ्या वहिनीला यात ओढू नकोस, तिचं नाव मोठ्या कष्टाने झालंय, बढती तोंडावर आहे, असं लिहितो. माझं नाव काय रस्त्यावर सापडलं होतं? दादाने आयुष्यात मला चार पत्रं लिहिली असतील, त्यातलं हे एक.

तुकडा पाठवणार नाही. याच महिन्याच्या तेवीस तारखेला भंगार उचललं गेलं, ट्रक येऊन सगळं घेऊन गेला. त्याआधी मी एक जोड करवतीने कापून ठेवला होता. तो काकूंच्या पेटीत आहे, आणि काकू तो कुणालाही देणार नाहीत, तुम्हाला तर नाहीच. प्रयोगशाळेत जाताना तुकडा आणि येताना कक्षा, असं व्हायला नको.

आणखी एक विचारतो. तुम्ही शंका काढणाऱ्या बाई. आमच्या घराचा नकाशा बघताना जिन्याखाली ओल येईल हे तुम्हीच सांगितलं होतं, आणि आली. तुमच्या डोक्यात जोडाचा विचार आलाच नाही, हे मला कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. आला होता का?

दीर


२ एप्रिल

भावोजी,

आला होता.

सहा दिवस हे दोन शब्द लिहायला लागले. आता उरलेलं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

अहवालाच्या पहिल्या मसुद्यात शेवटी एक वाक्य होतं. “हे निष्कर्ष फक्त अखंड नळीला लागू आहेत, जोडापाशी थर पुन्हा न दिल्यास तिथून कार्बन आत जाईल.” मी ते लिहिलं होतं, माझ्या हाताने. मसुदा आमच्या विभागप्रमुखांकडे गेला. त्यांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि मला बोलावून विचारलं, हे तुम्ही तपासलंत का? मी म्हणाले, तपासलं नाही, पण हे कुणालाही कळेल. ते हसले. म्हणाले, कुणालाही कळणार असेल तर लिहायचं कशाला, आणि तपासलं नसेल तर लिहायचं कशाच्या जोरावर? दोन्हीकडून बरोबर वाटलं.

त्यांनी ते खोडलं नाही. मला सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा. मी शेवटचं पान पुन्हा टंकून आणलं, त्यात ते वाक्य नव्हतं.

का, ते तुम्ही विचारणार. लाच नाही, दबाव नाही. तसं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. आमच्या प्रयोगशाळेत मला शंकासूर म्हणतात. माझ्या प्रत्येक अहवालात ‘परंतु’ असतो. चहाच्या वेळी कुणीतरी माझी नक्कल करतं, “चहा गरम आहे, परंतु कप तपासलेला नाही.” सगळे हसतात, मीही हसते. अकरा वर्षं हसत होते. हा पहिला अहवाल होता ज्यावर माझी एकटीची सही जाणार होती, आणि एकदा तरी ‘परंतु’ नसलेला, स्वच्छ, चार जण वाहवा म्हणतील असा अहवाल लिहावा असं मला वाटलं. वाहवा झालीही. विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर पान उंच धरलं होतं.

मी ते पान खाली ठेवलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नळी होती. नळीपलीकडे खिडकी असते आणि खिडकीशी माणूस असतो, हे डोळ्यांपुढे नव्हतं. तुम्ही त्याच कारखान्यात आहात हेसुद्धा नव्हतं.

नऊ मार्चला मी तुम्हाला लिहिलं की अहवालातला शब्द न् शब्द खरा आहे. तो आहेच. ते लिहिताना मला माहीत होतं की मी काय करते आहे. तुमच्या तापवण्यावर बोट ठेवलं तेव्हाही माहीत होतं.

मसुदा माझ्याकडे आहे, पेन्सिलीच्या रेघेसकट. बारा तारखेला मी तो घेऊन येते. तुमच्या दादांना आज सकाळी सांगितलं. ते ताटावरून उठून गेले.

वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

तीनदा वाचलं. पहिल्यांदा पत्र चुरगाळलं, ते हिने केरातून काढून सपाट करून ठेवलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा बाहेर जाऊन कुंपणाच्या तारा ओढत बसलो, हात सोलवटले तरी. तिसऱ्यांदा आता वाचून लिहायला बसलोय.

हसले म्हणून. चहाच्या टेबलावर चार टगे हसले म्हणून. तुम्ही सांगता लाच नाही, दबाव नाही, जणू त्याने पारडं हलकं होतं. मला तर लाच परवडली असती, वहिनी. लाच खाणाऱ्याला माणूस शिव्या देतो आणि मोकळा होतो. तुम्हाला कुठली शिवी देऊ? बारावीला मला तुम्ही शिकवलंत की उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर उत्तर चूक. मी चिडलो की म्हणायचात, पूल पडेल एक दिवस. अशा बाईने शेवटचं पान बदललं. फक्त टंकायचे श्रम घेऊन.

तुमच्यावर माझा राग आहे आणि तो जाईल असं मी लिहिणार नाही.

पण हे पत्र इथेच संपवून टपालात टाकलं तर मीही शेवटचं पान बदलल्यासारखं होईल. म्हणून पुढचं.

दोन वर्षांपूर्वी तपासणी बंद करायचा कागद निघाला, तेव्हा त्यावर पाळीप्रमुखांच्या सह्या लागत होत्या. पाळीप्रमुख मीही आहे. चुंबक माझ्याकडे आला होता. म्हणाला, थर असो नसो, जोड तरी मला बघू दे, दोन दिवस लागतील. मी त्याला काय म्हणालो ते अक्षरशः लिहितो. मी म्हणालो, “आता तुमचा चुंबक घरी नेऊन कपाटाला लावा.” तिथे बसलेले सगळे हसले. तोही हसला. मग मी सही केली. तुमचा अहवाल माझ्या टेबलावर होता, वाचलाही नव्हता. तुमचं नाव बघून म्हणालो, घरचं माणूस आहे, चूक असणार नाही.

महिनाभर मी तुमच्या सहीवर ओरडतोय. माझी सही कुणी अजून बाहेर काढलेली नाही, कारण त्याच कागदावर बड्या इंजिनियरची पण आहे. चुंबक इस्पितळात जे म्हणाला ते तुम्हाला कळवलं, पण तो कुणाकडे बघून म्हणाला ते गाळलं. बोलताना त्याने छतावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं होतं. दोष देऊन नाही, नुसतं बघितलं. त्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

बारा तारखेला माझी सही मीच सांगणार आहे. तुम्ही या किंवा येऊ नका. आलात तर माझ्यासाठी आलात असं दाखवू नका. काकूंनी तुकडा द्यायचं कबूल केलंय, पण तुमच्या हातात नाही, समितीच्या टेबलावर त्या स्वतः ठेवणार आहेत.

दीर


१९ एप्रिल

भावोजी,

सुनावणीत आपण दोघं एका बाकावर तास-दीड तास बसलो आणि एक शब्द बोललो नाही, म्हणून हे लिहिते. समोर जे झालं ते तुम्ही पाहिलंत. अध्यक्षांनी मला विचारलं, दोन वर्षं गप्प का होतात, आणि मी म्हणाले, कुणी विचारलं नाही म्हणून. हे उत्तरही सोयीचंच होतं. तुम्ही उठून आपल्या सहीचं सांगितलंत तेव्हा बडे इंजिनियर खिशात काहीतरी शोधायला लागले, ते तुम्ही बहुधा पाहिलं नसेल. मी पाहिलं.

तुम्हाला माहीत नाही ते पुढचं. तुम्ही निघून गेल्यावर मी इस्पितळात गेले. फिटरकाका झोपले होते. काकू बाहेरच्या बाकावर होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पदराने बाक पुसला नाही, सरकल्या नाहीत, बसाही म्हणाल्या नाहीत. मी उभीच राहिले. पाय दुखायला लागल्यावर त्यांनी विचारलं, “ते वाक्य काय होतं?” मी म्हणून दाखवलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “एवढंच?”

मी हो म्हणाले. परिचारिका आली, काकू आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी आणखी थोडा वेळ थांबले आणि गाडीला गेले. मला कुणी मारलं असतं, ओरडलं असतं तर मी सहन केलं असतं, तशी तयारी करून गेले होते. ‘एवढंच’ची तयारी नव्हती.

प्रयोगशाळेने मला घरी बसवलंय. मसुदा परवानगीवाचून बाहेर नेला, हा ठपका आहे. वाक्य गाळलं, हा नाही. विभागप्रमुखांना पेन्सिलीची रेघ आठवत नाही. संताप कशाला म्हणतात हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि त्यातला निम्मा स्वतःवर खर्च होतो.

तुमचे दादा परवापासून बोलायला लागलेत. पहिलं वाक्य बोलले ते, “मीठ दे.”

पण हे सगळं बाजूला. पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. तुमच्या एक आणि दोन नंबरच्या भट्ट्यांत त्याच नळ्या आहेत. त्याच वेळच्या, तशाच जोडलेल्या. त्या आज चालू आहेत. समितीचा निकाल यायला महिना लागेल. तोवर कुणीतरी रोज खिडकीशी जाऊन डोकावणार. भावोजी, माझ्यावर काय रागवायचं ते नंतर रागवा. त्या बंद करा.

वहिनी


८ मे

वहिनी,

बंद झाल्या. सहज झाल्या नाहीत.

तुमचं पत्र घेऊन मी बड्या इंजिनियरकडे गेलो. निकाल येईपर्यंत भट्टी थांबवायचा प्रश्नच नाही, म्हणाले. मी बाहेर येऊन सगळ्या पाळ्यांच्या माणसांना कँटीनमध्ये बसवलं आणि तुमचं पत्र वाचून दाखवलं. ‘एवढंच’ पर्यंत मी वाचलं, पुढचं स्टोअरकीपरने. दुसऱ्या दिवसापासून खिडकीशी जायला एकही माणूस तयार झाला नाही. ओरडा नाही, घोषणा नाही. मुकादम नाव पुकारायचा आणि माणूस जागचा हलायचा नाही. खिडकीतून बघितल्याशिवाय भट्टी चालवता येत नाही. चौथ्या दिवशी दोन्ही विझवल्या.

थंड व्हायला दोन दिवस गेले. शिडीवर मी चढलो. एक नंबरच्या भट्टीत चौसष्ट जोड आहेत, एकोणीस जोडांना चुंबक चिकटला. दोन नंबरात अकरा. त्यातल्या एका जोडाला केसाएवढा तडा आधीच पडलेला होता. तो बरोबर खिडकीसमोर होता. मी त्याच्यावर खडूने फुली मारली आणि खाली उतरलो.

निकाल लागला. तापवण्यात चूक नव्हती, हे लिहिलंय. जोडांना थर नव्हता, हेही लिहिलंय. कुणामुळे, ते लिहिलेलं नाही. ‘सर्वसाधारण त्रुटी’ असा शब्द आहे. बड्या इंजिनियरची बदली झाली, म्हणजे वरच्या मजल्यावर. मला तपासणीच्या सहीबद्दल ताकीद मिळाली आणि पाळीप्रमुखपद गेलं. ताकीद मला मान्य आहे. बाकीचं वाचून मी तो निकाल टेबलावर आपटला, चहा सांडला, काही फरक पडला नाही.

चुंबकाला सोमवारी घरी सोडलं. मी त्याची माफी मागायला गेलो होतो. कपाटाचं ते वाक्य त्याला आठवत होतं. म्हणाला, “त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नव्हतो.” एवढं बोलून त्याने विषय संपवला. माफ केलं असं म्हणाला नाही आणि मीही ते ओढून काढलं नाही.

आता तपासणी पुन्हा सुरू होणार आहे. थर असला तरी आणि नसला तरी. कुठला जोड कधी बघायचा, कुठपर्यंत चिकटला तर चालेल, कुठे बदलायचा, हे सगळं नव्याने लिहायचं आहे. कारखान्याने चुंबकाला ते काम दिलं. त्याने एक अट घातली. लिहायला ती प्रयोगशाळेतली बाई पाहिजे. मी म्हणालो, दुसरं कुणीही मिळेल. तो म्हणाला, “दुसऱ्याला जोड माहीत असेल. हिला वाक्य गाळलं की काय होतं ते माहीत आहे.” काकू आतून म्हणाल्या, येऊ दे.

मला हे पटलेलं नाही. त्याला तसं तोंडावर सांगितलंही. पण हात त्याचा गेलाय, तेव्हा शब्द त्याचा.

तर येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने या. उतरायला आमच्याकडेच, हिने खोली आवरलीय. जिन्याखाली अजून ओल आहे, तिथे बॅग ठेवू नका. फाटकावर तुमचं नाव दिलंय, पण पहारेकरी नवा आहे, ओळखल्याशिवाय कुणाला सोडत नाही, म्हणून मी तिथे उभा राहीन.

बोलेनच असं नाही.

दीर